वासे मोजून घर घ्यावे

(मंडळाच्या वर्धा येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय मीच मागून घेतला. या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, हुंड्याची अनिष्ट चाल अशा विषयांवर दरवर्षी विद्वानांची भाषणे होतात व ती व्हावीतच. मी पडलो बांधकामाच्या व्यवसायातला माणूस. माझे आयुष्य पाये, भिंती आणि छपरे यांच्या सहवासात गेले. तेव्हा आज मी आपल्यासमोर एक अगदी घरगुती गोष्ट मांडणार आहे. तयार घर विकत घेण्यापूर्वी त्याच्या माळ्यावर चढून पाहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. गोष्ट लहान आहे, परंतु ती न केल्यामुळे कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी मातीत गेल्याची उदाहरणे आपल्याच समाजात आहेत.

खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आपण कृतघ्न म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरचे अन्न अजून आपण खाल्लेले नाही, ज्याचे मोल आपणास रोख मोजावयाचे आहे, त्या घरचे वासे मोजणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. घेण्यापूर्वी वासे मोजण्याचा संकोच वाटतो आणि घेतल्यानंतर ते मोजत रात्री काढाव्या लागतात.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आज विशेष का निर्माण झाला आहे, ते आधी पाहू. वर्धा जिल्हा १८६२ साली वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. लागलीच, १८६७ मध्ये, रेल्वे नागपुरापर्यंत पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर दूरवर गाजलेले होतेच. कापसाच्या पैशातून हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगाव या गावी सागवानी खांबांची, कडीपाटाची, प्रशस्त माळ्यांची घरे उभी राहिली. ज्यांनी ती बांधली त्यांची नातवंडे-पतवंडे आज नागपूर, पुणे, मुंबई येथे, कोणी परदेशी स्थायिक झाली आहेत. घराला कुलूप लागते, दोन-चार पावसाळे जातात आणि मग घर विक्रीस निघते. ते घेणारा बहुधा खेड्यातून आलेला असतो. मुलामुलींच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड करावे म्हणून शेताचा तुकडा विकून, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून तो येतो. दुसऱ्यांदा घर घेण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. म्हणून त्याची चूक फार महाग पडते.

हा आपला बंधू घर पाहावयास जातो तेव्हा काय पाहतो? ओसरी पाहतो, देवघराची दिशा पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. अधिक जाणता असला तर आखीव पत्रिका पाहतो, जागा नझूलची असल्यास पट्ट्याची मुदत विचारतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो. हे सर्व योग्यच होय. परंतु शिडी मागणारा शेकड्यात एखादाच निघतो. आणि घराचे खरे वर्तमान तर माळ्यावरच असते. भिंतीला रंग देता येतो, जमिनीवर नव्या फरशा बसविता येतात. माळा रंगविण्याच्या भरीस मात्र कोणी पडत नाही. पाणी वरून येते, वाळवी खालून येते, आणि ही दोन्ही संकटे जेथे एकमेकांस भेटतात ती जागा म्हणजे माळा.

प्रथम वाळवीचा विचार करू. आपल्याकडील जी वाळवी घरे खाते ती मुख्यतः जमिनीत राहणारी आहे. तिला ओलावा लागतो आणि उजेड सोसत नाही. म्हणून ती भिंतीवरून मातीची बारीक नळी बांधीत वर चढते. खालच्या खोलीतील नळी पुसून वर रंग फिरविणे सोपे असते. माळ्यावरील भिंतीच्या कोपऱ्यात, आढ्याच्या टोकापाशी, ती तशीच राहते. वाळवी लाकडाचा पृष्ठभाग राखून आतला भाग खाते, म्हणून तुळई वरून अखंड दिसते. तिच्यावर बोटाच्या पेरांनी ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज लहान मुलालाही वेगळा कळतो. मग टोकदार पेचकस घेऊन, विशेषतः जेथे तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे, दाबून पाहावे. भिंतीतील ओल त्या टोकाला सर्वांत आधी लागते. लाकडाचा मध्यभाग ठणठणीत असूनही टोक भुसा झालेले असू शकते, आणि तुळईचा सारा भार तर त्या टोकावरच असतो. दारखिडक्यांच्या फटीत किंवा माळ्याच्या जाळ्यांत गळून पडलेले बारीक पंख दिसले तर पहिल्या पावसानंतर वाळवीचे उडते थवे या घरातून निघाले असावेत असे समजावे.

‘सागवान आहे, सागवानाला काय होते?’ असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही हे खरे. परंतु झाडाचा बाहेरचा, फिकट रंगाचा भाग तिला खाद्य म्हणून चालतो. शिवाय जुन्या घरात तुळया सागाच्या आणि रिपा मात्र मिळेल त्या लाकडाच्या, असा प्रकार नेहमी आढळतो. लाकडाला सुईने टोचल्यासारखी छिद्रे असतील आणि त्यांखाली पिठासारखी पूड असेल, तर तो भुंग्याचा उपद्रव होय. पूड झाडून टाकावी आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहावी. पुन्हा ताजी पूड पडली असेल तर भुंगा आत जिवंत आहे.

आता पाण्याकडे येऊ. आपले बहुतेक व्यवहार गुढीपाडवा ते अक्षय्यतृतीया या दिवसांत ठरतात. त्या दिवसांत वर्ध्याचे ऊन असे असते की भिजलेली उशीसुद्धा तासाभरात वाळावी. मग छपराची गळती कशी दिसणार? ती दिसत नाही, पण आपल्या खुणा ठेवून जाते. लाकडावर व कडीपाटावर एकात एक अशी पिवळट-तपकिरी वर्तुळे दिसली, तर तेथे अनेक पावसाळे पाणी थेंबथेंब पडले असे समजावे. भिंतीच्या माथ्यावर पांढरे क्षार फुटले असतील, मातीच्या गिलाव्यावर ओघळ असतील, कुठे एखादे जुने घमेले किंवा डबा उताणा ठेवलेला असेल, तर अधिक विचारण्याची गरज नाही. तो डबा कोणी उगाच वर नेऊन ठेवलेला नसतो. दोन पाखे जेथे मिळतात तेथील पन्हाळ, आणि शेजारच्या उंच भिंतीला छप्पर जेथे टेकते ती जागा, या दोन ठिकाणी गळती हटकून असते. दिवसा माळ्यावर काळोख करून वर पाहावे. कवेलूंच्या फटींतून येणारे उजेडाचे कवडसे पाण्याच्या वाटा दाखवितात. शक्य असेल तर घर उन्हाळ्यात पाहून बोलणी करावी, परंतु विसार देण्यापूर्वी श्रावणसरीत एकदा तेच घर पुन्हा पाहावे.

मातीचे व लाकडाचे घर हे दरवर्षीच्या निगेवर जगते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. महात्मा गांधी १९३६ साली शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास राहावयास आले. तेथील कुट्या माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांच्याच आहेत. सतत डागडुजी होत आली म्हणून त्या आजही उभ्या आहेत. ज्या घराची शाकारणी पाच वर्षे झालेली नाही, त्याच्या कवेलूंवरून वानरांच्या टोळ्या धावून गेलेल्या असतात आणि फुटलेले एकेक कवेलू खालचा एकेक वासा कुजवीत असते. म्हणून शेवटची शाकारणी कोणत्या साली झाली, हा प्रश्न अवश्य विचारावा. वानरांना कंटाळून अनेकांनी कवेलू काढून टिनपत्रे घातली आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र नव्या पत्र्याखालचे लाकूड जुनेच असते, हे विसरू नये. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. ते पत्रे जागच्या जागी अभंग असतील तर एक वेळ चालेल. पण ते कापताना वा फोडताना उडणारी धूळ फुफ्फुसास अत्यंत घातक असते. असे पत्रे बदलण्याचा खर्च व ते न फोडता उतरविण्याची काळजी, दोन्ही आधीच हिशेबात धरावीत.

तिसरी गोष्ट भाराची व भेगांची. आपली जमीन काळी कपाशीची आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर तिच्याबरोबर भिंतही हालते. खोलीतील भेग लांबी भरून बुजविलेली असते. माळ्यावरील त्रिकोणी भिंतीत ती आपणास मूळ स्वरूपात भेटते. भेगेत बोट जाते काय, ती खाली अरुंद व वर रुंद आहे काय, भिंत ओळंब्यात आहे काय, वासा भिंतीवरून सरकून बाहेर आला आहे काय, हे पाहावे. घर फिरले की वासेही फिरतात ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो, पण बांधकामात ती अक्षरशः खरी आहे. तसेच धाब्याच्या घरावर दरवर्षी मातीचा नवा थर चढविण्याची रीत असते. जुना थर काढण्याचे मात्र कोणास सुचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे मेली, त्यांतील कितीतरी माणसे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड मातीची छते यांच्याखाली दबून मेली. आपला जिल्हा त्या भागासारखा हादरलेला नाही. तथापि कुजलेल्या तुळईवरचा अनावश्यक भार खाली येण्यासाठी भूकंपाचीच आवश्यकता असते असे नाही. मृगाचा एक जोरदार पाऊसही पुरतो. लाकडाच्या या सर्व व्याधी ध्यानी घेऊनच वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या निमुळत्या नळ्या एकमेकींत गुंफून लाकडाविना कमानदार छप्पर उभारण्याची रीत प्रचारात आणली. ज्यांना नवे घर बांधावयाचे आहे त्यांनी ती अवश्य पाहून यावी.

चौथी गोष्ट विजेची. खोलीत नवी बटणे आणि झगमगीत दिवे असतात, परंतु माळ्यावर जुन्या लाकडी पट्टीतील रबरी आवरणाच्या तारा तशाच धावत असतात. रबर कालांतराने कडक होऊन तडकते आणि उंदीर ते कुरतडतात. तारेला हात न लावता बॅटरीच्या उजेडात पाहावे. चिंध्या वा साधी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, लाकडावरील करपल्याचे डाग, तारांजवळ साठलेला सुका पालापाचोळा, यांतील काहीही दिसले तर सर्व तारा नव्याने घालण्याचा खर्च किंमतीतून वजा मागावा.

‘आम्ही तर सदनिका घेणार, तेथे माळा कुठला?’ असे तरुण मंडळी म्हणतील. तेथेही स्वयंपाकघरावर व स्नानगृहावर पोटमाळा असतोच, आणि त्याला सुबक दारेही लावलेली असतात. ती उघडून आतील छत पाहावे. वरच्या मजल्यावरील स्नानगृहाचे पाणी तेथेच झिरपते. गिलावा फुगून पडला असेल, गंजलेली सळई उघडी पडली असेल, तर गंजाने सळई फुगते व ती काँक्रीट फोडून बाहेर येते, हे ध्यानी घ्यावे. बांधणाऱ्याकडून नवी सदनिका घेणाऱ्यास २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याचा आधार आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन विकासकावर आहे. एका गृहस्थाने दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घराला मात्र हे छत्र नाही.

मग जुने घर घेणाऱ्यास कायदा काय देतो? मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आजही चालू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्याने घेणाऱ्यास सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडी ठरते. परंतु त्याच वाक्यात एक अट आहे. घेणाऱ्याने सर्वसाधारण काळजी घेतली असती तर त्याला जो दोष कळला असता, त्याबद्दल हे बंधन नाही. बंधुभगिनींनो, या अटीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शिडी लावण्याची सोय होती, माळ्याला दार होते, आणि आपण चढला नाहीत, तर उद्या न्यायालयात आपणासच विचारले जाईल की का चढला नाहीत? कायदा जागणाऱ्याचा सोबती आहे. उलट, आपण माळा पाहण्यास मागितला आणि विकणाऱ्याने तो दाखविला नाही, किंवा नवे छत ठोकून तो झाकून टाकला, तर आपली बाजू बळकट होते. म्हणून आपली मागणी लेखी करावी.

माळ्यावरून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे मालकीची. भावाभावांत वाटणी झालेल्या वाड्यांत मधली भिंत पुष्कळदा माळ्यापर्यंतच घातलेली असते. वर आढे एक, छप्पर एक, पन्हाळही एकच. अशा घराचा अर्धा भाग घेणे म्हणजे दुसऱ्या भावाच्या संमतीवाचून एक कवेलूही बदलता न येणे. माळ्यावर कुलूपबंद पेट्या, जुनी भांडी, कोणाचा पाळणा असे सामान असेल, तर ते कोणाचे, असे शांतपणे विचारावे. ‘धाकट्या चुलत्यांचे आहे, त्यांचे राहू द्या’ असे उत्तर आले, तर त्या चुलत्यांना प्रत्यक्ष भेटल्याखेरीज पुढे जाऊ नये. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा हक्क घेणाऱ्यास ठाऊक होता असेच कायदा धरून चालतो. विक्रीपूर्वी माळा रिकामा करून घेणे हाच उत्तम मार्ग होय.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सारे कठीण नाही. एक शिडी, एक बॅटरी, एक पेचकस, एक ओळंबा आणि सोबतीला एक जाणता सुतार एवढेच लागते. वेळ दोन तासांचा. कडीपाटावर पाय न देता तुळईवर पाय द्यावा आणि शिडी धरण्यास खाली एक माणूस उभा असावा. मग आपण हे का करीत नाही? कारण आपले व्यवहार नात्यागोत्यांत होतात. घर विकणारा कोणाचा मामेसासरा असतो, कोणाचा व्याही असतो. ‘त्यांच्या घराची झडती काय घ्यावयाची?’ असे वाटते. भीड ही भिकेची बहीण आहे, असे आपले पूर्वज सांगून गेले. आर्वीकडील एका सेवानिवृत्त शिक्षकांची हकिगत मला जवळून ठाऊक आहे. नात्यातीलच घर म्हणून त्यांनी वर पाहिले नाही. खोल्यांना नवे पांढरे छत ठोकलेले होते; ते त्यांना शोभिवंत वाटले. दुसऱ्याच पावसाळ्यात मधली तुळई छतासह खाली वाकली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम छपरात गेली, लग्न दोन वर्षे लांबले, आणि त्या दोन कुटुंबांत आज सुतकाचासुद्धा निरोप जात नाही. ज्या भिडेने नाते राखावयाचे होते, तिनेच ते तोडले. पाहण्यास दोन तास दिले असते तर किंमत कमी झाली असती आणि नाते टिकले असते.

म्हणून माझी पहिली विनंती विकणाऱ्या बंधूंना आहे. गिऱ्हाईक दाराशी आले की आपण होऊन शिडी लावा. ‘वर चला, जे आहे ते पाहा,’ असे म्हणा. यात आपली प्रतिष्ठा वाढते. घेणाऱ्यांना विनंती ही की, दोष दिसला म्हणून लगेच घर टाकू नका. जुन्या सागवानाइतके लाकूड आज सहज मिळत नाही. दुरुस्तीचा अंदाज काढा, तो किंमतीतून वजा करा आणि जे ठरेल ते इसारपत्रात लिहा. भगिनींनाही माझे एक सांगणे आहे. घर पाहावयास आपण अवश्य जावे आणि माळ्यावर काय आहे ते विचारावे. पावसात भांडी मांडण्याची वेळ शेवटी आपणावरच येते.

शेवटची विनंती मंडळास. आपल्या समाजात अभियंते आहेत, वकील आहेत, कुशल सुतार व गवंडीही आहेत. वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी येथे प्रत्येकी तिघा जाणत्यांनी वर्षातील काही रविवार यासाठी द्यावेत आणि घर घेणाऱ्या ज्ञातिबंधूबरोबर जावे. मंडळानेच माणसे पाठविली म्हणजे भिडेचा प्रश्न उरत नाही. ‘मंडळाची रीत आहे’ एवढे म्हटले की विकणाऱ्यास राग येत नाही. शिष्यवृत्ती देऊन आपण एका मुलाचे शिक्षण करतो. दोन तासांचे हे साहाय्य देऊन आपण एका कुटुंबाचे छप्पर वाचवू शकतो. तशा अर्थाचा ठराव अध्यक्षांनी सभेपुढे ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिल्या तुकडीत शिडी वाहण्यास मी स्वतः येईन.